मन हलकं करणारी लाँग ड्राइव्ह: नाशिकहून कधी, कुठे आणि कशी

आठवडाभराचा ताण डोक्यात घेऊन शनिवारी दुपारी गाडी काढायची, मुंबई नाका आणि पाथर्डी फाट्याच्या कोंडीत अर्धा-पाऊण तास घालवायचा, इगतपुरीपर्यंत ट्रकमागून ट्रक ओव्हरटेक करायचे आणि अंधारात समोरच्या गाड्यांचे अप्पर, म्हणजे हेडलाइटचे लांब झोत, डोळ्यांवर घेत परतायचं. मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि घरात पाऊल टाकताच पहिला आवाज चढतो. अशा फेरीनंतर लोक म्हणतात, ड्राइव्हने काही होत नाही. होतं, पण रस्ता आणि वेळ दोन्ही जमावी लागतात.

एकच विचार डोक्यात घोळायला मोकळं लक्ष लागतं. ओळखीच्या, वाहत्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने गाडी चालवताना ते लक्ष थोडं स्टिअरिंगकडे, थोडं आरशाकडे, थोडं पुढच्या वळणाकडे जातं. काम हलकं असतं पण सतत असतं, त्यामुळे घोळणाऱ्या विचाराला बसायला जागा मिळत नाही. याउलट दर अर्ध्या मिनिटाला कुणी आडवं येत असेल, तर शरीर तेच करतं जे ऑफिसात साहेबांसमोर करतं: जबडा आवळतो, खांदे कानाकडे चढतात, श्वास छातीतच अडकतो. म्हणून रस्ता पारखताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांत ब्रेकवर किती वेळा पाय गेला ते मोजा. गतिरोधक आणि वळणं धरून सात-आठ वेळा गेला, तर रस्ता कामाचा. वीसच्या वर गेला, तर तो रस्ता किंवा ती वेळ तुमच्यासाठी नाही, मग दोन्ही बाजूंना कितीही हिरवळ असो.

गाडी काढू नये असे दिवस

भांडण होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तर किल्ली हातात घेऊ नका. रागात माणूस अंतर कमी ठेवतो आणि ओव्हरटेकचा अंदाज चुकवतो. आधी कॉलनीला पायी दोन फेऱ्या मारा, पाणी प्या. अर्ध्या तासानंतरही जावंसं वाटलं तर निघा.

आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल, तर त्या दिवशीचं औषध ड्राइव्ह नाही, झोप आहे. सर्दी-ॲलर्जीसाठी सेटिरिझिनसारखी गोळी किंवा झोपेची, घबराटीची अल्प्राझोलामसारखी गोळी घेतली असेल, तर स्टिअरिंगवर बसूच नका. या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळू शकते आणि ती स्वतःच्या लक्षात येत नाही. गंगापूर आणि दिंडोरी भागात वाटेवर वायनरी आहेत. तिथे थांबायचं असेल, तर परतताना गाडी न पिणाऱ्याने चालवायची. कायद्याने मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ त्यासाठीच आहे.

आणि मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर एकट्याने रस्त्यावर जाऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसालाही त्याच वेळी सांगा.

कधी निघायचं

सकाळी. याला आम्ही फारसा पर्याय मानत नाही. उन्हाळ्यात पावणेसहा, थंडीत उजाडू लागल्यावर म्हणजे पावणेसातच्या सुमारास. सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीच्या बस रस्त्यावर यायच्या आत शहर ओलांडलेलं असलं, की पहिली लढाई टळते. शिवाय सकाळी दहापर्यंत परत आलात तर घरच्यांचा दिवस मोडत नाही. 'हा गेला की दिवसभर गायब' ही कुरबूर सुरू झाली, तर उतरलेला ताण उंबऱ्यातच परत चढतो.

दुपारी दोन ते चार ही झोप येण्याची नैसर्गिक वेळ आहे आणि पहाटे दोन ते पाच त्याहून वाईट. रविवारी संध्याकाळी त्र्यंबक रस्त्याने परतणं म्हणजे सातपूरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं. कामाचा दिवस असेल आणि संध्याकाळीच जमत असेल, तर रात्री साडेआठनंतर तासाभराची छोटी फेरी बरी, तीही ओळखीच्या, दिव्यांच्या रस्त्यावर.

अंतर ठरवताना दोन गोष्टी आधीच पक्क्या करा: मागे फिरायची जागा आणि मागे फिरायची वेळ. 'बघू, वाटेल तिथपर्यंत' म्हटलं की डोकं सगळा वेळ पुढे जाऊ की वळू याच्यातच अडकतं. पहिल्यांदा ८० ते १०० किमीची, अडीच-तीन तासांची फेरी पुरे.

रस्ते

गिरणारे–हरसूल. नाशिककरांना तणाव उतरवण्यासाठी एकच रस्ता सुचवायचा झाला तर हा. गंगापूर रोडने गोवर्धन, दुगाव, गिरणारे, पुढे धोंडेगाव आणि वाघेऱ्याचा घाट. हरसूलपर्यंत एका बाजूने ४५ ते ५० किमी होतात, पण तिथवर जायची गरज नाही. धोंडेगावजवळ काश्यपी धरणाचं पाणी दिसू लागतं, तिथून मागे फिरलात तरी फेरी पूर्ण. अवजड वाहनं कमी, वळणं मोठी, वेग आपोआप पन्नासच्या आसपास राहतो. अडचण एवढीच की गिरणारे टोमॅटोचा बाजार आहे. हंगामात दुपारनंतर पिकअप आणि ट्रॅक्टर रस्ता अडवतात. गावांतले बरेच गतिरोधक रंगवलेले नसतात. गावाची पाटी, शाळा किंवा देऊळ दिसलं की गतिरोधक आहेच असं धरून तिसऱ्या गिअरवर या.

त्र्यंबक रस्ता–पहिने–घोटी–नाशिक. ही सुमारे शंभर किलोमीटरची गोल फेरी. अंजनेरी मागे टाकून त्र्यंबकच्या अलीकडे घोटीकडे वळायचं, पहिनेवरून डोंगरांच्या कुशीतून घोटी गाठायची आणि महामार्गाने परत. तोच रस्ता दोनदा पाहावा लागत नाही, हे याचं मोठं सुख. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी पहिनेच्या धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून एकच गाडी जाईल एवढी जागा उरते. पावसाळ्यात ही फेरी मंगळवार-बुधवारची. श्रावणी सोमवार, त्यातही ब्रह्मगिरी फेरीचा तिसरा सोमवार, आणि पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा असताना तर या बाजूला फिरकूच नका. सिंहस्थाच्या तयारीची कामं ज्या रस्त्यावर निघाली असतील, तोही त्या महिन्यापुरता यादीतून काढा. धूळ आणि वळवलेला रस्ता यांत मन हलकं होत नाही.

नांदूर मध्यमेश्वर. नांदूर नाका, चांदोरी, निफाड या बाजूने साधारण ४०-४५ किमी, सगळा सपाट मुलूख. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, कारण स्थलांतरित पक्षी तेव्हाच असतात. या फेरीचा खरा फायदा थांब्याचा आहे. तासभर डोळे लांबवर, पाण्यावर ठेवून बसलं की मोबाइलच्या पडद्याने थकलेली नजर सैल होते. दुर्बीण असेल तर घ्या. मात्र या पट्ट्यात थंडीत कांद्याचे आणि उसाचे ट्रॅक्टर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा तर सोडाच, लाल रिफ्लेक्टरही नसतो. उजाडायच्या आत इकडे गाडी काढू नका.

दिंडोरी–वणी–नांदुरी सुमारे ५५ किमी, द्राक्षबागांमधून जाणारा. नांदुरीपर्यंत जाऊन परत फिरणं हे तणावाच्या फेरीसाठी पुरेसं, सप्तशृंगी गडाचा घाट चढायचा तर देवदर्शनाच्या वेगळ्या दिवशी. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात ही बाजू सोडा.

भंडारदरा घोटीवरून सुमारे ७० किमी, अर्ध्या दिवसाची सवड असेल तर. बारी गावाजवळ कळसूबाई (१६४६ मीटर) समोर उभी राहते. मे अखेर ते जून मध्यापर्यंत काजवे पाहायला येणाऱ्यांची रात्रीची गर्दी असते, तेवढे आठवडे वगळा.

समृद्धी महामार्गाचं नाव या विषयात हमखास निघतं. गोंद्याला चढावं आणि सुसाट जावं, असं लोक सांगतात. तणाव उतरवायला आम्ही तो सुचवत नाही. सरळ, एकसारखा काँक्रीटचा रस्ता आणि १२० ची मर्यादा यांत डोळे उघडे असूनही लक्ष विझतं. चालवणाऱ्याला मधली दहा किलोमीटर आठवत नाहीत. मन नको झालं म्हणून वळावं, तर पुढचा इंटरचेंज येईपर्यंत वळता येत नाही. थकलेल्या माणसाला हे दोन्ही घातक. दुचाकीला तर तिथे परवानगीच नाही. कसारा घाट आणि पेठ रस्त्याचा सावळघाट देखणे आहेत, पण अवजड वाहनांमागे ब्रेक मोजून पाहा, उत्तर मिळेल.

आदल्या संध्याकाळची दहा मिनिटं

टायर थंड असताना हवा तपासा. गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नको. आकडा पंपावरच्या पोराला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, बहुतेक लहान गाड्यांना ३० ते ३३ पीएसआय लागतं. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो उलटा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूने दबतो, दबून तापतो आणि तापूनच फुटतो. चालून गरम झाल्यावर दाब तीन-चार पीएसआयने वाढतो, तो वाढू द्यायचा, सोडायचा नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदला. खाचेच्या तळाशी लहान उंचवटा असतो, रबर त्याच्या बरोबरीला आलं की वेळ झाली. स्टेपनीतही हवा बघा. वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

कूलंट आणि ब्रेक ऑइल खुणांच्या मध्ये हवं, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वायपरच्या टाकीत पाणी. काच आतूनही पुसा. सकाळच्या तिरप्या उन्हात आतल्या मळाचा पांढरा पडदा होतो आणि डोळे ताणून ताणून कपाळ दुखतं. टाकी अर्धी तरी हवी. शंभर किलोमीटरला लहान पेट्रोल गाडी सहा-सात लिटर पिते, पण काटा खाली गेला की मन पंप शोधू लागतं.

बसणं

क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं, बोटं नव्हे. बोटं टेकत असतील तर सीट लांब आहे आणि तासाभराने खांदा दुखेल. पाठ अगदी काटकोनात नको, किंचित मागे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या रेषेत. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. एका बाजूला बसून कंबर वाकडी होते आणि दोष गाडीला दिला जातो.

फोन डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये, आवाज बंद. कोणत्या रस्त्याने जाता आणि किती वाजता परत येता एवढं घरी सांगून ठेवा, म्हणजे मध्ये फोन यायचं कारण उरत नाही. ब्लूटूथवरही बोलू नका. हात मोकळे राहिले तरी डोकं ऑफिसातच जातं, आणि तिथून बाहेर पडायलाच तर निघालोय.

पहिली वीस मिनिटं

गाणी नाहीत, बोलणं नाही. काच दोन बोटं खाली, पंख्याची हवा बाहेरून आत येणारी ठेवा. आतलीच हवा फिरवणारं बटण लांबच्या रस्त्यावर चालू राहिलं तर गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो, जडपणा आणि पेंग येते. लोक त्याला थकवा समजतात.

आता हाताकडे बघा. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलेलं असतं की बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. हात नऊ आणि तीनच्या जागी ठेवून पकड सैल करा, एखाद्या लहान मुलाचं मनगट धरावं तितकीच. खांदे मुद्दाम वर उचला आणि सोडा. दात एकमेकांवर टेकलेत का बघा. जीभ खालच्या दातांमागे टेकवली की जबडा आपोआप सुटतो. मग श्वास: चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके संथ होतात. पाच-सहा वेळा पुरे. श्वास रोखून धरायचा नाही आणि डोळे मिटायचे नाहीत, हे योगासन नाही. चक्कर वाटली तर मोजणं सोडून द्या. प्रत्येक गावाच्या पाटीला पकड, खांदे, जबडा हे तीन परत तपासा.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. तिने खांब ओलांडला की 'एक हजार एक' पासून मोजायला लागा, 'एक हजार तीन' व्हायच्या आत तुम्ही तिथे पोचलात तर जवळ आहात. पावसात हे दुप्पट. अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतंच. घुसू द्या, आणि पुन्हा अंतर करा. ताणाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, कारण पुढच्याच्या प्रत्येक ब्रेकवर तुम्हाला दचकावं लागत नाही.

गाणी नंतर, आदल्या दिवशी निवडून ठेवलेली, ओळखीची. सोबत कुणी असेल तर त्यालाही आधी सांगा की घरखर्च, मुलांचे मार्क आणि सासर-माहेर हे विषय थांब्यापर्यंत बंद.

घाट, पाऊस, धुकं

चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे पेट्रोल वाचवत नाहीत, ब्रेक घालवतात. इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. जळका वास आला, पेडल मऊ लागलं, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक अर्धा तास निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो, तेव्हा वेग पंधरा-वीसने कमी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर मागे फिरा. इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात धुकं दाटतं. अशा वेळी हेडलाइट डिपरवर ठेवा, कारण अप्परचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावू नका, मागच्याला तुमचा इंडिकेटर कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडा, मिनिटभरात निवळते.

पेंग आली किंवा घाबरं झालं तर

जांभया, पापण्या जड, मागची पाटी काय होती ते न आठवणं, चाक साइडपट्टीवर उतरणं ही लक्षणं दिसली की काच खाली करून आणि गाणी मोठी करून भागत नाही. ८० च्या वेगाने तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ६७ मीटर कुणीही न चालवता जाते. पंप किंवा हॉटेलच्या आवारात थांबा, चहा-कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॅफीनचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून उठता उठता दोन्ही उपयोगी पडतात.

ताण फार साचलेला असेल तर चालवतानाच अचानक छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, गाडी हातातून सुटेल असं वाटतं. इंडिकेटर द्या, वेग हळूहळू कमी करा, डावीकडे रस्त्याच्या पूर्ण बाहेर या, मग हॅझर्ड. शक्य असेल तर रहदारीपासून लांबच्या, डाव्या दारातून उतरा, पाय जमिनीवर टेकवा आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: झाड, खांब, टपरी, जे दिसेल ते. बहुधा दहा ते वीस मिनिटांत ओसरतं. त्यानंतर स्वतः चालवत यायची घाई करू नका, कुणाला तरी बोलवा. छातीत दाब, घाम, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरणं असं असेल तर त्याला घबराट समजून बसू नका, १०८ वर रुग्णवाहिका मागवा. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, इतर कुठलीही आणीबाणी असेल तर ११२.

थांबा

तासाभराने एक. मिसळ इथे नको, ती परत आल्यावर. तर्री, पाव आणि वर जिलेबी झाली की पुढचा अर्धा तास शरीर झोपेकडेच ओढतं. चहा, पोहे, केळं, शेंगदाणे पुरेत. पाणी जपून पिऊ नका. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, आणि लघवीसाठी उतरावं लागलं तर तेवढेच पाय मोकळे होतात.

चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला की खालून इंजिनाची ऊब हाताला लागते. तिथेच उभं राहून, फोन न काढता, एका छोट्या वहीत तीन ओळी लिहा: काय खुपतंय, त्यातलं माझ्या हातात काय आहे, सोमवारी सकाळी पहिलं काम कोणतं. उत्तर सापडलंच पाहिजे असं नाही. कागदावर उतरलेला विचार परतीच्या रस्त्यावर तेवढा पिंगा घालत नाही. वही मिटली की दहा मिनिटं चाला, मान दोन्ही बाजूंना वळवा, पोटऱ्या ताणा.

परतताना सगळ्यात जास्त सांभाळायचे ते शेवटचे दहा किलोमीटर. मन सैल झालेलं असतं, रस्ता पाठ असतो, आणि त्याच वेळी आयटीआय सिग्नल किंवा म्हसरूळची गर्दी समोर येते. शहराची पाटी दिसली की गाणी बंद करा, वेग चाळीसवर आणा. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर इंजिन बंद करून दोन मिनिटं तसंच बसा, फोन घरात गेल्यावरच चालू करा. त्याआधी वहीत तारीख, रस्ता, निघायची वेळ आणि ब्रेकचा आकडा टिपून ठेवा. पुढच्या वेळी कोणता रस्ता धरायचा ते तीन-चार नोंदींत दिसू लागतं.